चार नव्या ध्वनिमुद्रिका आणि एक घरची फीत

या मासिकाच्या वाचकांस संगीतविषयक लेख नवे नाहींत. गवयांचीं चरित्रें, नाट्यपदांच्या आठवणी, बैठकींचे वृत्तांत हें सारें आपण आवडीनें वाचतां. आज मात्र ज्या ध्वनिमुद्रिकांविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांत गवई नाहीं, चीज नाहीं, आणि एकींत तर तालहि नाहीं, सुरावटहि नाहीं. तेवढ्यावरून वाचकांनीं पान उलटूं नये, अशी आरंभींच विनंति आहे. कारण आम्हीहि प्रथम उलटण्याच्याच बेतांत होतों.

गेल्या दिवाळींत आमची नात पुण्याहून सुट्टीस घरीं आली. पाडव्याच्या दिवशीं सकाळीं तिनें आपल्या मोबाइलवरून कांहीं तरी लावलें. प्रथम एक गुणगुणाट झाला, मग तो चढत चढत किंचाळल्यासारखा झाला, आणि स्वयंपाकघरांतून सौ. नें विचारलें, "अहो, मिक्सर बिघडला कीं काय?" आम्हीहि कपाळास आंठी घालून तें बंद करण्यास सांगितलें. नात म्हणाली, "आजोबा, वर्गांत मुलाचें उत्तर पुरें होण्याआधीं तुम्ही त्याला कधीं खालीं बसवलंत का?" पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास हा प्रश्न वर्मीं लागला. ती ध्वनिमुद्रिका आम्हीं शेवटपर्यंत ऐकली, आणि पुढील आठ दिवसांत उरलेल्या तीनहि ऐकल्या.

परीक्षण करावयाचें तर हातांत माप हवें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पाश्चात्त्य संगीतशास्त्राचा आम्हांस गंध नाहीं. तेव्हां घरचेंच माप बाहेर काढलें. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचिला. त्यांत स्वराचें लक्षण सांगतांना तो मुख्यतः तीन गोष्टी मागतो. स्वर स्निग्ध असावा. त्यांत अनुरणन असावें, म्हणजे आघात सरल्यावरहि त्याचा झणत्कार मागें रेंगाळावा. आणि दुसऱ्या कशाच्या साहाय्यावांचून, आपण होऊन, त्यानें श्रोत्याचें चित्त रंजवावें. या लक्षणांत कंठाचा उल्लेख नाहीं, वीणेचाहि नाहीं. स्वर कोठून निघाला हें शास्त्रकार विचारीत नाहीं. तो कसा लागला हें विचारतो. म्हणजे यंत्रास दारांतूनच परत पाठविण्याचा अधिकार निदान त्यानें तरी आम्हांस दिलेला नाहीं. या तीन कसांवर चारहि ध्वनिमुद्रिका घांसून पाहिल्या, त्याचा हा वृत्तांत आहे.

अहमदाबादच्या फिती

पहिली ध्वनिमुद्रिका 'द एन. आय. डी. टेप्स' या नांवाची असून ती २०२३ सालीं 'स्टेट फिफ्टीवन' या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेनें काढली. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत १९६९ ते १९७२ या काळांत जें विद्युत्-संगीत तयार झालें, तें तींत आहे. संस्थेच्या संग्रहांत पडून राहिलेल्या या फिती पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानें धुंडाळून काढल्या.

या प्रकरणाचें मूळ आणखी मागें आहे. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या. त्या स्वतः पखवाज वाजवीत. तेथें त्यांची गांठ जॉन केज या संगीतकाराशीं पडली व दोघांत एक गोड सौदा ठरला: गीताबाईंनीं त्यास हिंदी संगीत सांगावें, व त्यानें त्यांस पाश्चात्त्य स्वररचनेचे पाठ द्यावेत. संगीताचें प्रयोजन काय, असा विषय निघाला असतां गीताबाईंनीं आपल्या गुरूंचें मत सांगितलें. मन शांत व स्थिर करावें, म्हणजे तें दैवी प्रभावास पात्र होतें, असा त्याचा आशय होता. केज हें जन्मभर विसरला नाहीं. १९५२ सालीं त्यानें ती गाजलेली रचना केली, जींत वादक चार मिनिटें तेहतीस सेकंद वाद्यापुढें बसतो आणि एकहि स्वर वाजवीत नाहीं. त्या वेळीं पियानोपुढें प्रथम जो बसला तो डेव्हिड ट्यूडर. आणि हाच ट्यूडर १९६९ सालीं अहमदाबादेस येऊन मोग सिंथेसायझर नांवाचें यंत्र तेथें उभारून गेला. मोग हें त्याच्या अमेरिकन निर्मात्याचें आडनांव. त्याचा उच्चार 'मूग' असा करूं नये, असें नातीनें बजावलें, एरवीं सौ. नें ते भिजतच घातले असते.

या यंत्रांत तार नाहीं, चामडें नाहीं, भाता नाहीं. विजेच्या दाबाच्या कमीअधिकपणानें स्वर खालींवर जातो. एक व्होल्ट दाब वाढला कीं स्वर बरोबर एक सप्तक चढतो. मधल्या कोणत्याहि बिंदूवर त्यास थांबवितां येतें. म्हणजे हा पेटीप्रमाणें बारा पट्ट्यांस जखडलेला स्वर नव्हे. श्रुति त्यास वर्ज्य नाहींत व मींडहि वर्ज्य नाहीं. आमच्या संगीताच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पण ती आमच्या लक्षांत येईपर्यंत पहिली ध्वनिमुद्रिका निम्मी होऊन गेली होती.

गीताबाईंखेरीज आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांच्या रचना येथें आहेत. कोणी नृत्यासाठीं केल्या, कोणी ओसाकाच्या १९७० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं. माथुरांच्या एका रचनेचें नांवच 'एके काळीं मी तंबोरा वाजविला' अशा अर्थाचें आहे. आतां कस लावूं. स्निग्धता थोडी, बरेच स्वर कोरडे व करकरीत. अनुरणन यंत्रास निसर्गतः नाहीं. तें युक्तीनें आणावें लागलें आहे. रंजकता तुटक तुटक. पुष्कळ रचना म्हणजे नव्या लिपीचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याची वही आहे. अक्षर वळणदार होण्यापूर्वींच पानें संपतात. तरी पण या माणसांच्या कानांत षड्ज पक्का होता, हें लपत नाहीं. यंत्र कितीहि भरकटलें तरी पायाचा एक सूर खालीं धरून ठेवलेला असतो आणि सारे आवाज त्याच्याकडे तोंड करून उभे असतात. एवढें बळ असलेला हा प्रयोग तीन वर्षांत थांबला, आणि पुढें चार तपें त्याचें नांवहि कोणी घेतलें नाहीं. या ध्वनिमुद्रिकेंतील खरें दुःख हें आहे.

दहा राग आणि एक ठेका

दुसरी ध्वनिमुद्रिका आपल्या मुंबईची आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे वादक. त्यांनीं १९८२ सालीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें एकत्र जोडून दहा राग ध्वनिमुद्रित केले: भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. सर्वांखालीं नाचाचा तोच एक द्रुत ठेका. 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' असें तिचें नांव. त्या वेळीं तिची फारशी दाद कोणीं घेतली नाहीं. पुढें ती एका डच संग्राहकाच्या हातीं लागली, व २०१० सालीं 'बॉम्बे कनेक्शन' या लहानशा प्रकाशनानें पुन्हा काढली, तेव्हां युरोपांतील जाणते थक्क झाले. शिकागो शहरीं १९८७ च्या सुमारास 'ॲसिड हाउस' नांवाचें एक नृत्यसंगीत जन्मास आलें असें ते मानीत. आणि येथें तर त्याच जातीचा ध्वनि मुंबईच्या एका वादकानें पांच वर्षें आधीं काढून ठेवलेला!

यांतली गंमत अशी कीं, त्या तीन यंत्रांपैकीं टी. बी. ३०३ हें यंत्र मुळीं एकट्या गिटारवाल्यास खर्जाची साथ देण्यासाठीं केलेलें. तें काम त्यास नीट साधलें नाहीं, आणि १९८४ सालीं कंपनीनें त्याचें उत्पादन थांबविलें. पण एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यांत होती. शिकागोच्या तरुणांस तींत एक विचित्र किंकाळी सांपडली. चरणजित सिंगांस मींड सांपडली. यंत्र एकच, ज्याच्या कानांत जें होतें तें त्यानें बाहेर काढलें.

असें असलें तरी परीक्षकानें भीड धरूं नये. भैरवाच्या कोमल ऋषभास जें आंदोलन लागतें, तें यंत्रास पेललेलें नाहीं. तो ऋषभ झुलत नाहीं, नुसता हलतो. ललत हा पहांटेचा राग. दोन मध्यमांच्या सांध्यावर क्षणभर थबकावें, हें त्याचें मर्म. ठेका मागून ढकलीत असतां थबकावें कसें? उलट भूप व मालकंस हे पांचच स्वरांचे राग; त्यांची आकृति साफ व ठसठशीत असल्यानें त्या वेगांतहि त्या मोडत नाहींत. भूप तर आमच्या नातवानें चालत्या जेवणावरून उठून ऐकला. आलापाची अपेक्षा धरून ही ध्वनिमुद्रिका लावूं नये. रागाचा सांगाडा किती चिवट असतो, हें पाहण्यासाठीं लावावी. चरणजित सिंगांस उतारवयांत युरोपांत जाऊन हे राग पुन्हा वाजविण्याचा मान मिळाला. २०१५ सालीं मुंबईंत ते वारले. कीर्ति अठ्ठावीस वर्षें उशिरां आली, पण डोळ्यांदेखत आली, हें समाधान.

नुसता तंबोरा

तिसरी ध्वनिमुद्रिका ऐकून आम्हांस वाटलें कीं, ती लावतांना नातीची कांहीं चूक झाली असावी. तंबोरा सुरू झाला. आतां गवई आवाज लावील म्हणून आम्ही सरसावून बसलों. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं, गवई येईना. तेव्हां कळलें कीं तासाभराहून अधिक वेळ नुसता तंबोराच चालावयाचा आहे. 'द तंबुराज ऑफ पंडित प्राणनाथ' हें तिचें नांव. ती १९९९ सालीं 'जस्ट ड्रीम्स' या खासगी प्रकाशनानें काढली.

प्राणनाथ (१९१८–१९९६) हे किराणा घराण्याचे गवई, अब्दुल वहीद खांसाहेबांचे शिष्य. १९७० सालीं ते न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, मॅरियन झझीला व टेरी रायली या अमेरिकन कलावंतांनीं त्यांचें शिष्यत्व पत्करलें. हे शिष्य तेथील प्रयोगशील संगीताचे आधीच अध्वर्यु मानले जात. एकच स्वर तासन् तास धरून त्याच्या पोटांत काय काय आहे तें ऐकावें, हा यंग यांचा ध्यास. त्यांस आमच्या तंबोऱ्यांत आपलें सारें शास्त्र तयार सांपडलें.

किराणा घराणें आम्हां सांगली-मिरजेकडच्या लोकांस परकें नाहीं. अब्दुल करीम खांसाहेबांची मिरज आमच्या घरापासून तीन कोसांवर आहे. तेथील सतारमेकरांच्या दुकानांत पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले आम्ही लहानपणापासून पाहत आलों. घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवीत कारागीर जवारी लावीत असतो; दोरा केसभर इकडे तिकडे झाला कीं तार मुकी होते, आणि जागेवर आला कीं एका तारेंतून अनेक स्वरांचा धूर निघूं लागतो. खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गांधार ऐकण्यास आमच्या वडिलांनीं आम्हांस शिकविलें होतें. मात्र खरें सांगावयाचें तर गेल्या चाळीस वर्षांत आम्हीं तो ऐकलाच नव्हता. बैठकींत गवई गाऊं लागला कीं तंबोऱ्याकडे कोणाचें लक्ष असतें?

या ध्वनिमुद्रिकेंत गवई नाहीं म्हणूनच गांधार ऐकूं येतो. विसाव्या मिनिटास तो आम्हांस लागला. मग पंचमाच्या वर आणखी कांहीं लागलें, ज्याचें नांव आम्हांस सांगतां येत नाहीं. स्निग्धता, अनुरणन, रंजकता या तीनहि कसांस ही मुद्रिका पुरी उतरते. मिक्सरची शंका घेणाऱ्या सौ. नें जपाची माळ घेऊन शेजारीं बैठक मारली व संपेपर्यंत ती उठली नाहीं. यापरतें प्रशस्तिपत्र आम्हांस माहीत नाहीं.

झिजत जाणारा सूर

चवथी ध्वनिमुद्रिका 'द डिसइंटिग्रेशन लूप्स' ही अमेरिकेंतील विल्यम बासिन्स्की यांची असून ती त्यांनीं २००२ व २००३ या दोन वर्षांत चार भागांनीं प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं संगीताचे लहान लहान तुकडे फितीवर उतरवून, त्या फितींचीं टोकें जोडून वेटोळीं केलीं होतीं. असें वेटोळें यंत्रावर चढविलें कीं तेंच वाक्य पुनः पुनः वाजत राहतें. २००१ च्या उन्हाळ्यांत या जुन्या फिती संगणकावर उतरवून जतन कराव्यात, म्हणून त्यांनीं त्या लावल्या.

फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकट द्रव्यानें बसविलेली लोहभस्माची पूड. तें चिकट द्रव्य कालांतरानें निकामी होतें. फीत फिरूं लागली तशी तिच्यावरील पूड गळूं लागली. प्रत्येक फेऱ्यास स्वराचा एखादा कण जाई. पहिलेंच वेटोळें तासाभराहून अधिक वेळ फिरलें. आरंभीं शिंगांच्या वाद्यांसारखें एक संथ, उदात्त वाक्य ऐकूं येतें. मग त्यास बारीक भोकें पडतात. मग भोकेंच अधिक व वाक्य कमी. शेवटीं एखाददुसरा ठिपका. संगीतकारानें यंत्र थांबविलें नाहीं. जतन करण्याच्या कृतींतच मूळ वस्तु नाश पावत होती, आणि त्या नाशाचीच नोंद नव्या यंत्रांत उमटत होती. हें काम नुकतेंच पुरें झालें असतां ११ सप्टेंबर २००१ हा दिवस उजाडला. बासिन्स्की त्या वेळीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत राहत. त्या सायंकाळीं घराच्या गच्चीवरून धुराच्या लोटाचें जें चित्रण त्यांनीं केलें, त्यांतील चित्रें या भागांच्या वेष्टनांवर आहेत, आणि त्या दिवशीं मृत्यु पावलेल्यांस ही कृति अर्पण केलेली आहे.

शार्ङ्गदेवाचें माप येथें अपुरें पडतें. त्याच्या लक्षणांत स्वर कसा जन्मतो व कसा रेंगाळतो हें आहे. तो मरतो कसा, हें नाहीं. दोष सांगावयाचा तर चारहि भाग लागोपाठ ऐकणें हें आमच्या शक्तीबाहेरचें आहे, आणि एकाचें जें म्हणणें तेंच पुढच्यांचें आहे. पण पहिला भाग ऐकून झाल्यावर त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. त्याचें कारण संगीतांत नव्हतें, आमच्या घरांत होतें.

घरची फीत

१९८६ सालीं आमच्या वडील बंधूंनीं एक टेपरेकॉर्डर आणला आणि मातोश्रींस जात्यावर बसवून त्यांच्या ओव्या एका कॅसेटवर उतरवून घेतल्या. मातोश्री जाऊन आतां बावीस वर्षें झालीं, बंधूहि गेले. कॅसेट एका पत्र्याच्या डब्यांत खालच्या फडताळांत होती. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा महापूर आमच्या घरांत शिरला. डबा आम्हीं वर उचलला, पण ओल आंत गेलीच. पूर ओसरल्यावर उघडून पाहिलें तों फितीच्या कडेस पांढुरकी बुरशी धरली होती. ती पुसली, डबा पुन्हा लावला, आणि त्यानंतर एकदांहि कॅसेट वाजविली नाहीं. वाजविली तर तुटेल, अशी भीति. न वाजविली तर निदान आहे असें तरी म्हणतां येतें. येथें दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं. पुरापूर्वीं तेहतीस वर्षें ती नव्यानें उतरवून घेण्यास आम्हांस सवड झाली नाहीं, एवढेंच खरें.

बासिन्स्कींच्या फितीनें आमचें हें सोंग उघडें पाडलें. कपाटांत ठेवलेली फीतहि झिजतच असते. फक्त तिची नोंद कोणी घेत नसतें. सकाळीं आम्हीं डबा काढून नातीपुढें ठेवला. तिनें पुण्यास एका जाणत्याकडून फीत साफ करवून आणली व मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं, यंत्रास संगणक जोडून, आम्हां सर्वांस भोंवतीं बसविलें. "आजोबा, एकदांच लावणार. थांबवायचं नाहीं," ती म्हणाली.

आरंभीं जात्याची घरघर आली; ती चांगली स्पष्ट होती. मग मातोश्रींचा आवाज आला, आमच्या स्मरणांत होता त्याहून पुष्कळ तरुण. सात ओव्या पुऱ्या आल्या. आठवी अर्ध्यावर विरली. पुढें जवळजवळ दहा मिनिटें केवळ घरघर, आणि तिच्या मागें शब्द ओळखूं न येणारा एक सूर. शेवटीं फीत सुधारली, आणि जातें थांबल्यावर त्या बंधूंस म्हणाल्या, "झालं का रे तुझं? पीठ भरायचंय मला." सौ. नें डोळ्यांस पदर लावला. आम्हीं घड्याळांत पाहिलें. सारें मिळून अठ्ठावीस मिनिटें झालीं होतीं. त्या अठ्ठावीस मिनिटांच्या तीन प्रती आतां तीन घरीं आहेत.

असो. वाचकांस दोन गोष्टी सुचवून लेख संपवितों. ज्यांस या ध्वनिमुद्रिका ऐकावयाच्या असतील, त्यांनीं आरंभ तंबोऱ्यापासून करावा, नंतर दहा राग घ्यावेत, अहमदाबादच्या फिती तिसऱ्या दिवशीं, आणि बासिन्स्की सर्वांत शेवटीं, दिवेलागणीनंतर. मोबाइलच्या बारीक कर्ण्यावर ऐकूं नयेत. खर्ज त्यांतून येतच नाहीं, आणि येथें सारी मौज खर्जाची आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, आपल्याहि घरीं एखाद्या डब्यांत आजीची ओवी, आजोबांचें कीर्तन, मुंजींतल्या मंगलाष्टकांचा गलका असलेली कॅसेट असेल. या आठवड्यांतच ती बाहेर काढावी, जाणत्याकडून साफ करून घ्यावी, आणि उतरवून घेण्याची तयारी पुरी झाल्यावर मगच लावावी. दुसऱ्यांदा लावतां येईल, असें धरून चालूं नये.